खापरावरून काळ ओळखणारे डॉ. सांकलिया : जोर्वे, नेवासे आणि जमिनीतल्या खऱ्याखोट्याचा निवाडा

संगमनेर तालुक्यातलं जोर्वे हे प्रवरेकाठचं साधं शेतीचं गाव. पण पुरातत्त्वाच्या पुस्तकात ते गावाचं नाव राहिलेलं नाही, एका संस्कृतीचं नाव झालं आहे. तापीपासून भीमेपर्यंत कुठल्याही टेकाडात विशिष्ट प्रकारचं लाल खापर निघालं की संशोधक लगेच म्हणतात, हे जोर्वे. हे नाव रूढ झालं ते डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया यांच्यामुळे. जन्माने मुंबईचा गुजराती माणूस, पण आयुष्याची ऐन उमेद त्यांनी नगर, नाशिक, पुणे जिल्ह्यांतल्या नद्यांच्या दरडी धुंडाळण्यात घालवली.

शेतात नांगराला काही लागलं की गावात दोनच गोष्टी होतात. एक तर ते हंड्याचं तोंड आहे अशी आवई उठते, नाहीतर दगड म्हणून बांधावर फेकलं जातं. यातलं खरं जुनं काय, आणि ते जुनं आहे हे सिद्ध कसं करायचं, हाच सांकलियांच्या जन्माचा धंदा होता.

त्यांचा जन्म 10 डिसेंबर 1908 चा. घरात वकिली. लहानपणी प्रकृती इतकी नाजूक की मूल हाताला लागतं की नाही अशी घरच्यांना काळजी होती. पंधराव्या वर्षी लोकमान्य टिळकांच्या आर्यांच्या मूलस्थानाविषयीच्या ग्रंथाचा गुजराती अनुवाद त्यांच्या हाती पडला. त्यातलं फारसं काही समजलं नाही, पण आर्य कोण, कुठले, हे आपण शोधायचं असं पोराने मनाशी धरलं. टिळकांचं सगळं संस्कृत आणि गणितावर उभं आहे, तेव्हा आपणही तेच शिकायचं, असा त्यांचा हिशेब होता. पुढे मुंबईत फादर हेरास यांच्यासारखा गुरू मिळाला, नालंदा विद्यापीठावर प्रबंध झाला, कायद्याची पदवीही झाली. घरची वकिली समोर तयार असताना हा मुलगा लंडनला गेला तो मात्र जुनी दगडमाती शिकायला.

इंग्लंडात मॉर्टिमर व्हीलर तेव्हा मेडन कॅसल या प्राचीन किल्ल्यावर उत्खनन करत होते. सांकलियांनी तिथे प्रत्यक्ष काम केलं. व्हीलरची पद्धत शेतकऱ्याला चटकन कळेल अशी आहे. जमिनीचे चौकोनी वाफे पाडायचे आणि दोन वाफ्यांमध्ये बांध राखायचा. तो बांध खणायचा नाही. त्याच्या उभ्या कडेवर मातीचे थर एकाखाली एक दिसतात, विहिरीच्या भिंतीवर काळी माती, चुनखडी, मुरूम दिसतो तसे. प्रत्येक थराला आकडा द्यायचा, चिठ्ठी टोचायची. वस्तू कुठल्या थरातून निघाली याची नोंद झाल्याशिवाय ती पुढे जाणार नाही. वस्तूपेक्षा तिची जागा मोठी, ही शिस्त सांकलियांनी तिथून आणली.

1937 मध्ये गुजरातच्या पुरातत्त्वावर डॉक्टरेट घेऊन ते परतले. 1939 मध्ये पुण्याचं डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झालं, तिथे ते प्राध्यापक झाले. इरावती कर्वेही त्याच संस्थेत होत्या. गुजरातेत लांघणज इथे वाळूच्या टेकाडात बारीक गारेची हत्यारं आणि माणसांचे सांगाडे निघाले, त्या कामात दोघं बरोबर होते. हाडं माणसाच्या जातकुळीबद्दल काय सांगतात ते बाईंनी पाहायचं, थर आणि हत्यारं सांकलियांनी. तशी विभागणी तेव्हा नवीनच होती.

एका तुकड्यावर विश्वास कसा ठेवायचा?

त्या काळी महाराष्ट्राचा इतिहास सातवाहनांपासून, फार तर अशोकापासून सुरू होई. त्याआधी दख्खनच्या पठारावर माणूस होता का, याला पुरावा जवळजवळ नव्हताच. म्हणजे अगदी नव्हता असंही नाही. 1865 च्या सुमारास वाइन नावाच्या इंग्रज भूशास्त्रज्ञाला गोदावरीकाठी मुंगी इथे, म्हणजे आजच्या शेवगाव तालुक्यात, नदीच्या जुन्या थरात अकीकाचा एक धारदार छिलका मिळाला होता. माणसाने काढलेला वाटत होता. पण एकच तुकडा! त्याच्या जोरावर अख्ख्या पठाराचा इतिहास कोण मागे नेणार? मुंगीचा तो छिलका पुस्तकात नोंद होऊन पडून राहिला.

दगडाच्या बाबतीत फसवणूक करायला माणूसच लागतो असं नाही, नदीही फसवते. पुरात दगडावर दगड आपटून कपचे निघतात, उन्हाने तडकतात, आणि एखादा हुबेहूब कुऱ्हाडीसारखा दिसतो. मग हत्यार ओळखायचं कसं? माणसाने नेम धरून घाव घातला की कपच्यावर घावाच्या जागी बारीकसा फुगवटा उठतो आणि तिथून लाटांसारख्या कडा पसरतात. एवढ्यानेही भागत नाही, कारण नदीचा एखादा तडाखा असाच बसू शकतो. म्हणून पुढचं पाहायचं: घाव एकच आहे की एका ओळीने अनेक? दोन्ही बाजूंनी घडवून धार आणली आहे का? हातात धरायला बूड ठेवलं आहे का? असाच आकार त्याच थरात पुन्हा पुन्हा मिळतो का? नदी एखादी हातकुऱ्हाड चुकून घडवेल, एकसारख्या पन्नास घडवणार नाही. दगडाच्या हत्यारांची घडण, नावं आणि बहुधा असलेले उपयोग यांवर सांकलियांनी 1964 मध्ये स्वतंत्र पुस्तकच लिहिलं. विद्यार्थ्यांच्या पिढ्या त्यावर शिकल्या.

नाशिकजवळ गंगापूरला गोदावरीच्या खडीच्या थरात त्यांना काळ्या पाषाणाच्या हातकुऱ्हाडी आणि फरशीसारखी हत्यारं मिळाली. मग 1954 पासून नेवासे. प्रवरेच्या दरडीत खाली मोठी, ओबडधोबड हत्यारं, आणि त्यांच्यावरच्या दुसऱ्या खडीच्या थरात गारेची, जास्परची लहान, सुबक छिलक्यांची हत्यारं. बरोबर दगड बनलेली जनावरांची हाडं. इथे तुकडा एकटा नव्हता. दोन थर, दोन घडणी, आणि त्यांचा क्रम डोळ्यांनी दिसत होता. जवळजवळ नव्वद वर्षं एकट्या पडलेल्या मुंगीच्या छिलक्याला आता भाऊबंद मिळाले. तो खरा होता हे ठरलं ते नेवाशातल्या त्याच्यासारख्या हत्यारांमुळे. मधल्या अश्मयुगाच्या या हत्यारांना पुढे नेवाशाचंच नाव जोडलं गेलं.

पांढरीतली उलटी पोथी

नेवासे म्हटलं की लोकांना ज्ञानेश्वरी आठवते, आणि ते बरोबरच आहे. पण तिथल्या लाडमोड टेकडीत जे निघालं तेही थोडंथोडकं नाही. वर मराठे-मुसलमानी काळाची वस्ती. तिच्याखाली रोमशी व्यापार चालायचा त्या काळाचा थर, त्यात दारू-तेल आणायच्या परदेशी कुंभांची खापरं. त्याखाली सातवाहनांचा आरंभ, आणखी खाली तांबं आणि दगड एकत्र वापरणाऱ्या शेतकऱ्यांचं गाव. नदीच्या खडीतलं अश्मयुग धरून एकूण सहा काळ झाले. टेकाड वरून वाचत जायचं म्हणजे पोथी शेवटच्या पानाकडून पहिल्याकडे वाचण्यासारखं. 1960 मध्ये निघालेल्या अहवालाला म्हणूनच त्यांनी इतिहासाकडून प्रागितिहासाकडे असं नाव दिलं.

आपल्याकडे गावाच्या जुन्या जागेला पांढरी म्हणतात. शेकडो वर्षांची राख, शेण, पडक्या भिंती मिसळून माती पांढुरकी होते. खत म्हणून ती गाड्या भरभरून शेतात नेण्याची पद्धत होतीच, आता जेसीबीने नेतात. शेताला ती मानवते, पण एकदा माती उपसली की थर गेला, आणि पुन्हा तो कुणालाही लावता येत नाही.

थर शाबूत असला तरी डोळे उघडे ठेवावे लागतात. वरच्या वस्तीतल्या लोकांनी धान्याचं पेव खणलं असेल, तर पेवातली वस्तू हजार वर्षं जुन्या थराच्या पातळीला जाऊन बसते. उंदीर-घुशींची बिळं, झाडाची मुळं, कुणी विटा-दगड काढायला मारलेला खड्डा, सगळीकडून वरचं खाली जातं. त्यामुळे खाली सापडलं म्हणजे जुनंच, असा सरधोपट हिशेब चालत नाही. पेवाची माती आजूबाजूच्या मातीपेक्षा भुसभुशीत आणि रंगाने वेगळी असते, ती आधी ओळखून वेगळी खणावी लागते. नाण्याचंही तसंच. नाणं पिढ्यान्‌पिढ्या हातात फिरतं. नाणं सापडलं तर तो थर त्या राजाच्या आधीचा नाही एवढंच पक्कं, नंतरचा कितीही असू शकतो.

कोल्हापुरात हे नीट दिसलं. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकाडातून कांस्याच्या वस्तूंचा साठा निघाला, त्यात ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची छोटी मूर्ती. कोल्हापुरात ग्रीक देव! कुणालाही शंका यावी असंच ते. सांकलिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी 1945-46 मध्ये तिथे रीतसर उत्खनन केलं तेव्हा सातवाहन काळातली भरभराटीची वस्ती उघडी झाली. ज्या गावाचा असा व्यापार होता तिथे समुद्रापलीकडची मूर्ती येणं नवल राहिलं नाही. ती मूर्ती आजही कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयाची शान आहे.

जोर्व्याचं काम 1950-51 चं, नाशिकच्या मातीच्या गढीबरोबरच झालेलं, सोबत शांताराम भालचंद्र देव. जोर्व्यात तांब्याच्या सहा चपट्या कुऱ्हाडी आणि एक बांगडी निघाली. पण सांकलियांच्या दृष्टीने खरा माल होता तो खापरांचा. चाकावर घडवलेली, बारीक मातीची, लाल-नारिंगी भांडी, त्यांवर काळ्या रंगाने तिरक्या, आडव्या, चौकटीच्या रेघा. काठाजवळ मोड असलेली वाटी आणि तोटीचा चंबू. भाजणी इतकी पक्की की तुकडा बोटाने वाजवला तर धातूसारखा खणखणतो. कुंभारवाड्यात मडकं घेताना बायका टिचकी मारून बघतात, तीच परीक्षा. सोनंनाणं चोर नेतो, वारस वितळवतात, पण फुटक्या मडक्याला कुणी हात लावत नाही. ते जिथे फुटतं तिथेच राहतं, म्हणून काळ सांगायला खापराइतका भरवशाचा साक्षीदार नाही. तेच खापर नेवाशात त्याच क्रमाने मिळालं, नंतर पुणे जिल्ह्यात चांडोली, इनामगावला मिळालं, तेव्हा जोर्वे संस्कृती हे नाव पक्कं झालं.

काळ किती? इथे विज्ञान मदतीला आलं. जळक्या लाकडातला कार्बन मोजून वय काढण्याची पद्धत अमेरिकेत नुकतीच निघाली होती. झाड जिवंत असेतो हवेतून कार्बन घेतं, मेल्यावर त्यातला किरणोत्सारी भाग ठरलेल्या गतीने, साधारण 5,730 वर्षांत निम्मा, असा घटत जातो. सांकलियांनी कोळशाचे नमुने जपून काढून पाठवले. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही अशी प्रयोगशाळा झाली, नेवाशाचे नमुने तिथे मोजले गेले. आज जोर्वे संस्कृतीचा काळ इसवी सनापूर्वी 1400 ते 700 असा मानतात. म्हणजे प्रवरेकाठी शेती होऊन किमान तीन हजार चारशे वर्षं झाली.

नेवाशात लहान मुलं पुरलेली मिळाली. दोन रांजणांची तोंडं एकमेकांना लावून आत मूल ठेवलेलं, आणि घराच्या जमिनीखालीच. एकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांब्याच्या गंजामुळे मण्यांच्या आतला धागा टिकून राहिला होता आणि तपासणीत तो रेशमी निघाला. माळ नुसती उपसून मणी धुतले असते तर हे कधीच कळलं नसतं.

तपासणाऱ्याचीही तपासणी

नर्मदाकाठी महेश्वर-नावडातोली, राजस्थानात आहाड, अशी कामं चालूच होती. 1968 मध्ये शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावचं उत्खनन सुरू झालं. म. के. ढवळीकर, झै. दा. अन्सारी यांच्यासह ते 1982 पर्यंत चाललं. शंभराहून जास्त घरं उघडी झाली, पाणी वळवायचा चर आणि बांधही मिळाला. एका टेकाडावर इतकी वर्षं बसून राहणं हे सांकलियांच्या तालमीतच शक्य होतं.

पण त्यांचं सगळंच लोकांनी मान्य केलं असं समजू नये. 1969 मध्ये काश्मिरात पहलगामजवळ लिद्दर नदीच्या खोऱ्यात, हिमनदीने आणलेल्या जुन्या थरांत, त्यांना एक मोठा छिलका आणि ओबडधोबड हातकुऱ्हाड मिळाली. आधीच्या नामवंतांना तिथे काही सापडलं नव्हतं. सांकलियांनी ती हत्यारं फार प्राचीन ठरवून परदेशी नियतकालिकात प्रसिद्ध केली. पुढच्या अभ्यासकांनी शंका काढल्या. हिमनदीतही दगड रगडून फुटतात, नग मोजके, मग ही हत्यारंच कशावरून? थराचं वय तरी तेच कशावरून? मुंगीच्या छिलक्याला जी अडचण होती तीच इथे आली. नेवाशात जी कसोटी त्यांनी लावली तिच्यावर पहलगाम तितकं टिकत नाही, हे त्यांच्याबद्दल आदर ठेवूनही म्हणावं लागतं. तरी एक आहे. जागा, थर, आकार सगळं छापून ठेवलं होतं, म्हणूनच दुसऱ्याला ते तपासता आलं.

1973 मध्ये ते निवृत्त झाले, त्याच वर्षी रामायणावरचं त्यांचं पुस्तक आलं. रामायणातली लंका मध्य भारतात शोधायला हवी, हे त्यांचं मत अनेकांना आवडलं नाही. पुढच्या वर्षी पद्मभूषण मिळालं.

आणि त्याच 1974 मध्ये श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला एका गावकऱ्याला झुडपाचं मूळ खणताना कांस्याची चार चित्रं मिळाली: बैलजोडीचा रथ हाकणारा माणूस, रेडा, हत्ती आणि गेंडा. सगळी भरीव, मिळून साठ किलोच्या वर वजन. वस्तू बनावट नाहीत याबद्दल वाद नव्हता. वाद झाला तो काळाचा. त्या खणताना कुणी थर पाहिला नव्हता, पाहणार तरी कोण? पुरातत्त्व खात्याने नंतर तिथे उत्खनन केलं, सिंधू संस्कृतीच्या उत्तरकाळाचे थर मिळाले, आणि ढवळीकरांसह बऱ्याच जणांनी चित्रं त्याच काळात बसवली. पण कार्बन-कालमापनात मुरलेले डी. पी. अगरवाल यांनी धातू तपासला तेव्हा त्यात आर्सेनिक एक टक्क्याहून जास्त निघालं. त्या काळच्या इतर वस्तूंत असं मिश्रण नाही, म्हणून चित्रं बरीच अलीकडची असू शकतात, असं त्यांनी मांडलं. वीतभर मातीची नोंद असती तर हा वाद उभाच राहिला नसता. यात त्या गावकऱ्याचा दोष नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

कायदा मात्र तेव्हाही होता, आजही आहे. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं जमिनीतलं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. सोबत 1972 चा पुरावस्तू कायदाही आहे. कळवण्याआधी वस्तू घासून चकचकीत करू नये आणि खड्डा बुजवू नये, कारण अभ्यासकाला लागतो तो पुरावा नेमका त्या मातीत आणि गंजात असतो.

निवृत्तीनंतरही सांकलियांचं डेक्कन कॉलेजशी नातं तुटलं नाही. 1978 मध्ये त्यांनी आत्मचरित्र लिहिलं, त्याचं नावच आपण पुरातत्त्वासाठी जन्मलो अशा अर्थाचं आहे. जगेल की नाही अशी शंका असलेलं ते मूल ऐंशी वर्षं जगलं. 28 जानेवारी 1989 रोजी त्यांचं निधन झालं. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या माणसांनी पुढे देशभर उत्खननं केली, आणि बांधाच्या कडेवर थराची चिठ्ठी टोचण्याची पद्धत त्यांच्याबरोबर सगळीकडे गेली.